तोंडाचा कॅन्सर परत आला किंवा पसरला, तर: रुग्ण आणि घरच्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तंबाखू, मावा, गुटखा आणि मिसरी यांमुळे महाराष्ट्रात तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण फार आहेत. त्यांतल्या अनेकांच्या बाबतीत ऑपरेशन होतं, रेडिएशन होतं, घरात थोडं हायसं वाटतं आणि काही महिन्यांत गालात, जिभेवर किंवा मानेत पुन्हा गाठ दिसते. कुणाच्या छातीच्या स्कॅनमध्ये डाग येतात. मग डॉक्टर एकाऐवजी तीन-चार रस्ते सांगतात आणि त्यांतला कोणताही खात्रीचा नसतो. या वळणावर उभ्या असलेल्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी ही पुढची उत्तरं आहेत. औषधांचे डोस विषय समजावा म्हणून दिले आहेत. तुमचा डोस तुमचे डॉक्टरच ठरवतील.

"परत आला" आणि "पसरला" यात फरक काय?

पुष्कळ फरक आहे. पहिला प्रश्न हाच विचारा. पहिल्या जागी किंवा मानेतल्या गाठींपुरताच परत आला असेल, तर पुन्हा ऑपरेशन करून तो पूर्ण काढता येतो का, हे आधी बघतात. पहिल्या उपचारानंतर वर्षभर किंवा जास्त काळ शांत राहिलेला आजार ऑपरेशनला जास्त चांगली साथ देतो. दोन-तीन महिन्यांतच उसळलेला सहसा देत नाही. गाठीने मानेतल्या मुख्य रक्तवाहिनीला विळखा घातला असेल किंवा ती कवटीच्या तळापर्यंत गेली असेल, तर सर्जन "काढता येणार नाही" म्हणतात. फुप्फुस, हाडं किंवा यकृतात गेलेल्याला पसरलेला म्हणतात. तिथे औषधं अंगभर जावी लागतात, तोंडातली गाठ कापून आजार संपत नाही.

म्हणून रिपोर्ट हातात आल्यावर नुसतं "स्टेज कोणती" असं विचारू नका. "पूर्ण काढण्यासारखा आहे की नाही, आणि नसेल तर नेमका कशामुळे" असं विचारा.

किती दिवस आहेत? डॉक्टर स्पष्ट सांगत का नाहीत?

त्यांनाही एक आकडा ठाऊक नसतो. अभ्यासांतून मिळतो तो मध्यमान. "मध्यमान १० महिने" याचा अर्थ तेवढ्या काळात निम्मे रुग्ण गेले आणि निम्मे त्यापुढे जगले. तो तुमच्या घरच्या माणसाच्या कपाळावर लिहिलेला आकडा नाही. ढोबळ हिशोब असा, की साधारण निम्मे रुग्ण मध्यमानाच्या अर्ध्यापासून दुपटीपर्यंतच्या काळात बसतात, म्हणजे इथे ५ ते २० महिने. थोडे त्याआधीच जातात, थोडे तीन-चार पट काळ काढतात.

डॉक्टरांना "किती दिवस?" असं विचारलं की ते गप्प होतात किंवा "वरच्याच्या हातात" म्हणतात. त्याऐवजी विचारा: "सगळं चांगलं झालं तर किती, वाईट झालं तर किती आणि बहुतेकांचं काय होतं?" या प्रश्नाला बहुतेक डॉक्टर उत्तर देतात. मुलीचं लग्न, जमिनीची वाटणी, वारी अशा गोष्टी मनात असतील तर त्याही तिथेच सांगा. उपचाराच्या तारखा त्यांच्याभोवती लावता येतात.

काढता येत नसेल, तर कोणते उपचार उरतात?

पहिला, सलाईनमधून केमो. सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन, जोडीला पॅक्लिटॅक्सेलसारखं औषध. गाठ लवकर लहान करायची असेल तर उपयोगी, पण शरीर ते झेपवणारं हवं आणि मूत्रपिंडं ठीक हवीत.

दुसरा, गोळ्यांची कमी डोसाची केमो. हिला मेट्रोनॉमिक म्हणतात आणि ती आपल्याकडे फार वापरली जाते. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये ४२२ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज दोनदा सेलेकॉक्सिब घेणाऱ्यांचं मध्यमान ७.५ महिने आलं, दर तीन आठवड्यांनी सिस्प्लॅटिन घेणाऱ्यांचं ६.१ महिने. गंभीर त्रासही गोळ्यांत कमी होता, १९ टक्के विरुद्ध ३० टक्के. स्वस्त आणि घरी घेता येणारा उपचार सलाईनपेक्षा हलका पडला नाही. त्यामुळे "गोळ्याच दिल्या, म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले" हा समज सोडा.

तिसरा, इम्युनोथेरपी. तिच्याबद्दल पुढे सविस्तर.

चौथा, रेडिएशन. आधी झालं असेल तर पुन्हा तेवढंच देता येईलच असं नाही, कारण मणका, जबडा आणि रक्तवाहिन्यांनी आधीचा डोस सोसलेला असतो. पण दुखणाऱ्या हाडावर किंवा रक्त येणाऱ्या गाठीवर एक ते दहा दिवसांचा छोटा कोर्स बरेचदा देता येतो.

पाचवा, फक्त त्रास कमी करणारे उपचार. हासुद्धा उपचारच आहे आणि तो वरच्या चारांपैकी कशाच्याही जोडीने चालतो.

यांतला कोणता घ्यायचा, हे ठरवायचं कसं?

आमचं ठाम मत आहे की या टप्प्यावर कुठलाही उपचार मुदतीवर घ्यावा. सुरू करण्यापूर्वीच डॉक्टरांकडून तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या. या उपचाराने काय व्हावं अशी अपेक्षा आहे: गाठ कमी होणं, दुखणं कमी होणं, की आयुष्य वाढणं? ते झालं की नाही हे कोणत्या तारखेला तपासायचं? आणि काय दिसलं तर थांबायचं?

तपासणी बहुधा दोन ते तीन महिन्यांनी होते. त्या वेळी गाठ "जैसे थे" असेल तर निराश होऊ नका. न वाढणं हेही या आजारात यश आहे. पण गाठ वाढली असेल आणि माणूसही खंगला असेल, तर तोच उपचार "अजून दोन डोस बघू" म्हणत रेटण्यात अर्थ नसतो. मुदत ठरलेली नसली की नेमकं हेच होतं. थांबायचं कुणी म्हणायचं, हे कुणालाच कळत नाही. डॉक्टरांना वाटतं नातेवाइकांची इच्छा आहे, नातेवाइकांना वाटतं डॉक्टरांना आशा आहे, आणि मधल्या मध्ये रुग्ण दर तीन आठवड्यांनी रांगेत बसतो.

रुग्णाची ताकद हे दुसरं माप. डॉक्टर ते शून्य ते चार अशा आकड्यांत लिहितात. स्वतःची कामं करून हिंडणारा माणूस शून्य किंवा एकमध्ये. काम होत नाही, पण दिवसाचा निम्म्याहून जास्त वेळ उठून-बसून असतो तो दोनमध्ये. निम्म्याहून जास्त वेळ अंथरुणात असणारा तीनमध्ये, आणि पूर्ण खिळलेला चारमध्ये. तीन आणि चारमध्ये सलाईनच्या केमोने बहुधा फायद्यापेक्षा तोटाच जास्त होतो. मात्र ही ताकद उपासमारीने किंवा न सोसणाऱ्या दुखण्याने गेली असेल, तर आधी नाकातून पोटात घातलेल्या नळीने पोट भरा, दुखणं आटोक्यात आणा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा विचारा. तीनचा माणूस दोनवर आलेला दिसतो.

गोळ्यांची केमो घरी घेताना काय चुकतं?

सगळ्यात घातक चूक म्हणजे मेथोट्रेक्सेट रोज घेणं. ही गोळी आठवड्यातून एकच दिवस घ्यायची असते. रोज घेतली तर तोंडभर फोड येतात, रक्तातल्या पेशी कोसळतात आणि जीवही जातो. वार ठरवा, तो कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा, आणि ही पट्टी इतर गोळ्यांच्या डब्यात ठेवू नका. डोस उंची-वजनावरून काढतात. एका चौरस मीटरला ९ मिलिग्रॅम असा डोस ठरला असेल, तर १.५ चौरस मीटर अंगाच्या माणसाला साधारण १३.५ मिलिग्रॅम येतो. म्हणून शेजारच्या पेशंटची चिठ्ठी आपल्याला चालत नाही.

ही गोळी चालू असताना दुखण्याची दुसरी गोळी मेडिकलमधून स्वतःहून आणू नका. कोट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिकही टाळायचं, त्याने मेथोट्रेक्सेटचं विष चढतं. गल्लीतल्या डॉक्टरांकडे तापासाठी गेलात तर ही चिठ्ठी आधी दाखवा. ताप १०० च्या वर गेला, तोंडात नवे फोड आले किंवा लघवी कमी झाली, तर पुढचा डोस न घेता हॉस्पिटलला फोन करा.

जोडीला एर्लोटिनिब ही कॅन्सरच्या पेशींची वाढ रोखणारी गोळीही दिली असेल तर ती उपाशीपोटी घ्यायची, खाण्याच्या एक तास आधी किंवा दोन तासांनी. पित्तासाठी सर्रास घेतली जाणारी पँटोप्राझोलसारखी गोळी एर्लोटिनिबचं शोषण कमी करते. बिडी-सिगारेट चालू असेल तर त्याची रक्तातली पातळी घसरते. चेहऱ्यावर पुरळ येतं, जुलाब होतात. दोन्हींवर औषध आहे, ते पहिल्याच भेटीत लिहून घ्या.

नळीतून द्यायच्या गोळ्या कुटताना हातमोजे आणि मास्क घाला. घरातल्या गरोदर बाईने या गोळ्यांना हात लावू नये. खलबत्ता यासाठी वेगळा ठेवा.

इम्युनोथेरपीसाठी जमीन विकावी का?

विकण्यापूर्वी थांबा. पेम्ब्रोलिझुमॅब आणि निव्होलुमॅब ही औषधं आपल्याच रोगप्रतिकारक पेशींचा लगाम सैल करतात. काही जणांना त्याचा फार चांगला आणि दीर्घ फायदा होतो, पण असे रुग्ण थोडे. एकट्या पेम्ब्रोलिझुमॅबने गाठ ठळकपणे लहान होते ती साधारण पाच-सहा जणांत एकाची. बायप्सीच्या तुकड्यावर पीडी-एल-१ या प्रथिनाची तपासणी करतात. तिच्यात येणारा सीपीएस हा आकडा जितका मोठा, तितकी शक्यता बरी. तो शून्य असेल तर हे औषध एकटं देऊन फारसं हाती लागत नाही.

एक गोष्ट मात्र नक्की विचारा: कमी डोस. टाटा मेमोरियलमध्येच १५१ रुग्णांवर अभ्यास झाला. वरच्या तिन्ही गोळ्यांच्या (मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब, एर्लोटिनिब) जोडीला निव्होलुमॅब नेहमीच्या २४० मिलिग्रॅमऐवजी फक्त २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी दिलं. एका वर्षानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं, आणि मध्यमान ६.७ वरून १०.१ महिन्यांवर. ही तुलना नुसत्या गोळ्यांशी होती, पूर्ण डोसाशी नव्हती, हे लक्षात ठेवा. तरीही ज्यांना पूर्ण डोस परवडत नाही, त्यांच्यासाठी हा खरा पर्याय आहे. "पूर्ण डोस नाही तर काहीच नाही" असं कुणी म्हणालं, तर दुसरं मत घ्या.

या औषधांचा त्रास केमोसारखा नसतो. दम लागणं, कोरडा खोकला, दिवसातून चारपेक्षा जास्त जुलाब, कावीळ, थायरॉइड बिघडणं असं काही महिन्यांनीही उद्भवू शकतं. "इंजेक्शन बंद होऊन महिना झाला, त्याचा काय संबंध" असं धरून चालू नका.

दुसरं मत घ्यायला जाताना काय न्यायचं?

नुसते रिपोर्ट पुरत नाहीत. बायप्सीचे मेणाचे ठोकळे आणि काचपट्ट्या पहिल्या हॉस्पिटलच्या लॅबमधून मागून घ्या. त्या रुग्णाला मिळतात, सही करून घ्याव्या लागतात. सीटी आणि एमआरआयची सीडी न्या, फिल्मवरून सर्जनला नीट कळत नाही. ऑपरेशनची टिपणी आणि डिस्चार्ज कार्ड. आणि सगळ्यांत जास्त विसरला जाणारा कागद म्हणजे रेडिएशनचा तपशील: कोणत्या भागाला, किती ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक), किती दिवसांत. ऑपरेशननंतर साधारण ६० ते ६६ ग्रे, ३० ते ३३ बैठकांत दिलेलं असतं. हा कागद नसेल तर पुन्हा रेडिएशन देता येईल का, हे कुणीच सांगू शकत नाही.

प्रत्येक वेळी टाटा मेमोरियलसाठी मुंबईत परळ गाठायलाच हवं असं नाही. नॅशनल कॅन्सर ग्रिड हे टाटा मेमोरियलने जोडलेलं देशभरातल्या कॅन्सर केंद्रांचं जाळं आहे. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल, छत्रपती संभाजीनगरची राज्य कर्करोग संस्था, नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय अशा ठिकाणी तपासणी होते आणि बऱ्याचशा गोळ्यांचा उपचारही. एकदा मुंबईत दिशा ठरवून पुढचा उपचार गावाजवळ घेणं, हे बहुतेक कुटुंबांना परवडणारं वेळापत्रक आहे.

पैशांचं काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत आता एकत्र चालतात. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. रेशन कार्ड, आधार आणि बायप्सीचा रिपोर्ट घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राच्या खिडकीवर जा, तेही पैसे भरण्यापूर्वी. आधी भरलेले पैसे योजनेतून परत मिळवणं फार अवघड जातं.

खाजगी धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत दुर्बल. तहसीलदारांचा दाखला लागतो. तो आजच काढायला टाका, ऐन वेळी मिळत नाही. मुख्यमंत्री वैद्यकीय सहायता निधीसाठी हॉस्पिटलचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं.

रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं माफ आहे, सोबत्याला तिथेच ७५ टक्के सवलत. हॉस्पिटलचा ठरलेला फॉर्म लागतो. मुंबईत राहण्यासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा टाटाच्या रुग्णांना वर्षानुवर्षं आधार देत आली आहे. तिथे जाण्यापूर्वी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाची चिठ्ठी घ्या.

डॉक्टरांनी "पॅलिएटिव्ह" विभागात पाठवलं. म्हणजे सगळं संपलं का?

नाही. पॅलिएटिव्ह म्हणजे दुखणं, उलटी, दम, झोप, जखम आणि मनाचा भार यांवर काम करणारे डॉक्टर. २०१० साली बॉस्टनमध्ये पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरवर अभ्यास झाला. ज्यांना सुरुवातीपासून केमोच्या जोडीने ही सेवा मिळाली, त्यांचं जगणं तर सुसह्य झालंच, शिवाय मध्यमान ८.९ ऐवजी ११.६ महिने आलं. म्हणून पहिल्याच आठवड्यात नाव नोंदवा.

पुण्यात वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर रुग्णाला सोबत्यासह मोफत ठेवून घेतं आणि घरच्यांना नळी-ड्रेसिंग शिकवतं. मुंबईत वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे, त्याची शाखा गोव्यात लोटलीला आहे.

मॉर्फिनची सवय लागते का? ते शेवटचं औषध आहे का?

दुखण्यासाठी नियमित आणि मोजून घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागणं दुर्मीळ आहे. ते शेवटचंही नाही. दुखणं कमी झालं की डोस उतरवता येतो, पण हळूहळू. एकदम बंद करू नका.

साध्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो. म्हणून ती घड्याळ लावून चार-चार तासांनी घ्यायची, दुखायची वाट बघून नाही. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, आणि रात्री १० ला दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठावं लागत नाही. सुरुवातीचा डोस बहुधा ५ ते १० मिलिग्रॅम, म्हाताऱ्या माणसांना कमी. मूत्रपिंड बिघडलं असेल तर डॉक्टर अंतर वाढवतात. मधेच कळ आली तर एक जादा डोस घ्यायचा आणि वहीत लिहायचा. दिवसात तीन-चार जादा लागले, तर रोजचा डोस कमी पडतोय.

मळमळ पहिले चार-पाच दिवस असते, मग जाते. बद्धकोष्ठ मात्र जात नाही. म्हणून मॉर्फिनच्या पहिल्या दिवसापासून जुलाबाचं औषध रोज घ्यायचं. "मॉर्फिन सोसत नाही" म्हणून बंद करणाऱ्यांत बरेच जण निव्वळ पोट साफ न झाल्याने हैराण झालेले असतात.

साधी गोळी कुटून पाण्यात मिसळून नळीतून देता येते. मात्र पट्टीवर "एसआर" लिहिलेली बारा तासांची गोळी कधीही कुटू नका. बारा तासांचा डोस एकदम अंगात जातो. फेंटानिलची चिकटपट्टी ७२ तासांनी बदलायची, आणि तिच्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही.

मॉर्फिन कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. कायद्यात २०१४ मध्ये बदल झाल्यापासून मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवता येतं. तुमच्या जिल्ह्यात सर्वांत जवळ कुठे मिळतं, हे पॅलिएटिव्ह विभागाकडून लिहून घ्या आणि साठा पाच दिवसांचा उरला की निघा.

नळीतून काय आणि किती द्यायचं?

पेज, डाळीवरचं पाणी आणि शहाळं यांवर माणूस खंगतो. पोट भरल्यासारखं वाटतं, अंगी काही लागत नाही. ५० किलोच्या माणसाला दिवसाला साधारण १५०० कॅलरी आणि ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं लागतात.

घरचा एक हिशोब: २०० मिली गाईचं दूध, १५ ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर, दोन चमचे साखर, एक चमचा तेल. यात सुमारे २७० कॅलरी आणि ११ ते १२ ग्रॅम प्रथिनं आहेत. दिवसात असे सहा वेळा दिले की गरज भागते. मधुमेह असेल तर साखर वगळा. एकाआड एक वेळेला नाचणीचं सत्त्व पातळ शिजवून दुधात घाला. दुधाने जुलाब झाले तर दही-ताक आणि सोयाची पावडर वापरा. मेथोट्रेक्सेट चालू असताना कच्चं अंडं नको.

देताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर हवी, आणि नंतर अर्धा ते एक तास तशीच. एका वेळी २०० ते २५० मिली, वीस मिनिटांत, सिरिंज उंच धरून आपोआप उतरू द्यायचं. दट्ट्या दाबून ढकललं की उलटी होते आणि अन्न छातीत जातं. आधी आणि नंतर ३० ते ५० मिली पाणी. नळी जिथे नाकातून आत जाते तिथे पेनाने खूण करा. खूण बाहेर सरकलेली दिसली तर काहीही देऊ नका, नळी पोटात आहे याची नर्सकडून खात्री करून घ्या.

नळी तुंबली तर ५० मिलीच्या सिरिंजने कोमट पाणी हलकेच आत-बाहेर करा. तार घालू नका. तुंबण्याचं कारण बहुधा न गाळलेलं अन्न, नीट न कुटलेली गोळी किंवा विसरलेलं पाणी. महिना-दीड महिन्याहून जास्त काळ लागणार असेल, तर पोटात थेट बसवायच्या नळीबद्दल विचारा. नाक आणि घसा मोकळा होतो.

आठवडाभर जवळजवळ उपाशी असलेल्या माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण आहार देऊ नका. निम्म्यापासून सुरू करून तीन-चार दिवसांत वाढवा. एकदम भरपूर दिलं तर रक्तातले क्षार कोसळतात.

जखमेला घाण वास येतो. घरात बसवत नाही.

हा वास ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या जंतूंचा असतो आणि तो कमी करता येतो. अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक सपाट चमचा, म्हणजे ५ ग्रॅम मीठ टाका आणि त्याने जखम धुवा. घासू नका. मग मेट्रोनिडाझोलची गोळी बारीक पूड करून जखमेवर भुरभुरवा किंवा तिचं जेल लावा. त्यावर न चिकटणारी जाळी, वर गॉज. दिवसातून एक-दोनदा. बहुतेकांचा वास तीन-चार दिवसांत खूप उतरतो. जुनं ड्रेसिंग ओढून काढू नका, मिठाच्या पाण्याने भिजवून काढा, नाहीतर रक्त येतं.

जखमेत अळ्या झाल्या तर घरच्यांना फार अपराधी वाटतं. माशी एकदाच बसली तरी पुरते, यात हयगयीचा प्रश्न नाही. टर्पेंटाइन तेलात भिजवलेला गॉज जखमेच्या तोंडाशी धरला की अळ्या वर येतात, मग त्या चिमट्याने काढतात. पहिल्यांदा हे नर्सकडूनच करून घ्या. जखम झाकलेली ठेवा आणि दिवसाही मच्छरदाणी लावा.

जखमेतून रक्त आलं तर?

गडद रंगाचे टॉवेल आणि चादर हाताशी ठेवा. पांढऱ्या कापडावर थोडं रक्तही फार दिसतं आणि सगळे घाबरतात. स्वच्छ गॉजने १० ते १५ मिनिटं सलग दाबा, दर मिनिटाला उचलून बघू नका. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची ५०० मिलिग्रॅमची गोळी कुटून ओल्या गॉजवर घेऊन दाबली तर मदत होते.

मानेतल्या जखमेतून लाल भडक रक्त उडून आपोआप थांबलं, तर ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. ती मोठ्या रक्तस्रावाची सूचना असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा आणि तसा प्रसंग आलाच तर काय करायचं, हे आधी ठरवून ठेवा. मोठी रक्तवाहिनी फुटली तर काही मिनिटांचाच वेळ असतो. तेव्हा हॉस्पिटलकडे पळण्यापेक्षा जवळ बसणं, गडद कापड धरणं आणि डॉक्टरांनी आधी देऊन ठेवलेलं गुंगीचं औषध देणं एवढंच करता येतं. हे वाचणं कठीण आहे, पण माहीत नसलेल्या घरात हा प्रसंग कितीतरी भयंकर होतो.

श्वास घेताना आवाज येतो.

श्वास आत घेताना घुर्र किंवा शिट्टीसारखा आवाज नव्याने सुरू झाला, तर थांबू नका, हॉस्पिटल गाठा. गळ्याला छिद्र पाडून नळी बसवायची की नाही, हा निर्णय मात्र आधीच झालेला असावा.

बाबांना खरं सांगायचं का?

"त्यांना सांगू नका, ते खचतील" असं मुलं डॉक्टरांना बाहेर गाठून सांगतात. बहुतेक वेळा बाबांना कळलेलं असतं. तेही मुलांसाठी गप्प असतात. अशा घरात दोघंही एकटे पडतात, आणि बाबांना ज्या व्यवहारांवर सही करायची असते त्या राहून जातात.

सगळं एकदम सांगायची गरज नाही. आधी विचारा: "बाबा, डॉक्टर काय म्हणाले असं तुम्हाला वाटतं?" मग: "तुम्हाला सगळं जाणून घ्यायचंय, की आम्ही बघावं?" काही जण खरोखर म्हणतात, "तुम्हीच बघा." तोही त्यांचा हक्क. पण विचारल्याशिवाय त्यांच्या वतीने ठरवू नका. बोलता येत नसेल तर पाटी आणि खडू द्या. मन फार खालावलं असेल तर टेलीमानस १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, रुग्णालाही आणि सांभाळणाऱ्यालाही.

आयुर्वेदिक, पाल्याचा रस, गोमूत्र चालेल का?

यांतल्या कशानेही पसरलेला तोंडाचा कॅन्सर बरा होतो असा पुरावा नाही. भस्मांत जड धातू असू शकतात. गुळवेलीमुळे यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्याच डॉक्टरांनी नोंदवले आहेत, आणि मेथोट्रेक्सेटही यकृतावर भार टाकतं. काही घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, लपवू नका. "महिन्यात गाठ विरघळेल" म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्यापासून लांब राहा.

आता तंबाखू सोडून काय उपयोग?

उपचार चालू असेल तर आहे: जखम बरी भरते, रेडिएशन जास्त लागू पडतं. राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११-२३५६ मोफत आहे. पण शेवटच्या आठवड्यांत असलेल्या माणसाला चिमूटभर तंबाखूवरून बोल लावू नका.

नातवंडांना जवळ घेऊ द्यावं का? लागण होते का?

लागण होत नाही. ताट-वाटी वेगळी करू नका. जखम झाकलेली असली म्हणजे झालं.

आयसीयू आणि व्हेंटिलेटर नको असेल तर?

कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायचं पत्र म्हणजे पूर्वसूचनापत्र (लिव्हिंग विल). सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचं. आपल्या वतीने कोण बोलेल, त्या नातेवाइकांची नावं त्यात लिहायची. हॉस्पिटलमध्ये उपचार थांबवताना तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळं मत देतात.

पत्र नसेल तरी निदान घरात एकमत करा आणि ते डॉक्टरांच्या टिपणीत लिहून घ्या. नाहीतर रात्री दोनला दम लागतो, पुण्याचा मुलगा फोनवर "ॲडमिट करा" म्हणतो, आणि पुढचे दहा दिवस माणूस काचेआड जातो.

शेवट घरीच व्हावा असं वाटतं. काय तयारी ठेवायची?

शेवटच्या दिवसांत झोप वाढते, लघवी कमी होते, हातपाय गार पडतात, श्वासात मोठे खंड पडतात. घशात घरघर होते. ती बघणाऱ्याला असह्य वाटते, पण गुंगीतल्या माणसाला बहुधा जाणवत नाही. कुशीवर वळवा. भूक नसते, म्हणून नळीतून रेटू नका, त्या वेळी जादा पाणी छातीत साठतं. ओठ ओल्या कापसाने पुसत राहा. मॉर्फिन चालू ठेवा. गिळता येत नसेल तर ते नळीतून किंवा त्वचेखाली कसं द्यायचं, हे आधी शिकून घ्या.

घरी मृत्यू झाल्यास नोंदणीकृत डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा ४-अ नमुन्यातला दाखला लागतो. आजाराची फाइल बघून ओळखीचे डॉक्टर येतील का, हे आधीच विचारून ठेवा. तो नसेल तर स्मशानात अडवतात. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंद २१ दिवसांच्या आत करा, आणि दाखल्याच्या सात-आठ प्रती घ्या. बँक, विमा, सातबारा, पेन्शन, प्रत्येक ठिकाणी मागतात.

उरलेलं मॉर्फिन आणि चिकटपट्ट्या कुणा नातेवाइकाच्या कंबरदुखीसाठी देऊ नका, घरातही ठेवू नका. जिथून आणलं त्या विभागात मोजून परत करा आणि त्यांच्या वहीत नोंद करून घ्या.